मैना बरी झाल्याचा आदेश

जिल्हा नवा होता. जुन्या जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा तालुके, जीपगाड्या आणि लोखंडी कपाटं यांच्याबरोबर कचेऱ्याही वाटल्या गेल्या. ज्या कचेऱ्या जुन्या जिल्ह्याला सोडवत नव्हत्या त्या तिकडेच राहिल्या. ज्या कोणालाच नको होत्या त्या लातूरला आल्या. त्यांतलीच एक म्हणजे संकीर्ण प्राणी कक्ष. गाय, बैल, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांच्यासाठी वेगळं खातं होतं. उरलेल्या प्राण्यांचं कल्याण या कक्षानं करायचं होतं. कक्षाचे प्रमुख गुरुपादप्पासाहेब रोज औशाहून एसटीनं वेळेवर येत, टेबल पुसून घेत आणि संध्याकाळी वेळेवर परत जात. उरलेल्या प्राण्यांपैकी कोणीही अद्याप तक्रार घेऊन आलेलं नव्हतं.

अशात दुष्काळ पडला. आजवर इथली माणसं जुन्या जिल्ह्याच्या दुष्काळात भागीदार असत; आता नव्या जिल्ह्याला स्वतःचा स्वतंत्र दुष्काळ मिळाला. विहिरी आटल्या, नळ कोरडे पडले, गल्लीगल्लीत टँकर येऊ लागला आणि रेशनकार्डावरची माणसं मोजून घागरी मिळू लागल्या. काही घरं कुलूप लावून कामाच्या शोधात दूर निघाली. जाताना त्यांनी अंथरूण नेलं, भांडी नेली, शेळी नेली. मांजर पोत्यात बसत नाही, म्हणून ते राहिलं.

अशी राहिलेली तीन मांजरं पंचशीलाच्या ओसरीवर आली. पंचशीला मूळची मुखेडची. टेलिफोन कचेरीत ऑपरेटर म्हणून तिची बदली लातूरला झाली, तेव्हापासून ती आणि तिची आई पारूबाई दोन खोल्यांत भाड्यानं राहत होत्या. पहिलं मांजर आंधळं होतं. दुसऱ्याला तीनच पाय होते. तिसरी मैना. ती दिसायला चांगली होती, पण सारखी पाणी प्यायची आणि तरी वाळत चालली होती.

"माणसं पानी पानी करून राहिले," पारूबाई म्हणायची, "आन् तू मांजराला पाजून राहिलीस. लोक काय म्हनतील?"

"लोक म्हनतेतच की माय. आपन काय मांजर आल्यावर ऐकायला लागलो का?"

पंचशीलानं मैनेला पिशवीत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर व्यंकटरावांची सारी हयात देवणी बैलांत गेली होती. मांजराला वशिंड नसल्यामुळे तपासायला सुरुवात कुठून करावी हे त्यांना क्षणभर सुचलं नाही. पण माणूस मनाचा चांगला. त्यांनी मैनेचे डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं.

"बाई, हिचे गुर्दे कमजोर झालेत," ते म्हणाले. "बरं व्हायचं दुखणं नाही हे. पण पाणी पाजत राहा, भरपूर. पाणी आहे तोवर ही आहे."

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा पंचशीलानं वाटप कारकून शेषेरावाकडे एक जादा घागर मागितली.

"जादा कशाला?" शेषेरावानं विचारलं.

"घरात पेशंट हाय."

"नाव?"

"मैना."

शेषेरावानं कार्ड उलटंसुलटं पाहिलं. "मैना कार्डावर न्हाई."

"मांजर हाय ती."

लाईन हसली. सगळ्यांत मोठ्यानं शेजारची केवळाबाई हसली. मांजराला चप्पल फेकून मारण्यात तिचा नेम गल्लीत प्रसिद्ध होता.

"ताई, तुम्ही साहेबाची सही आना," शेषेराव हात जोडून म्हणाला. "सही असली तर मी हत्तीलाबी पानी देतो."

हे थट्टेत म्हटलेलं वाक्य पंचशीलानं मनावर घेतलं आणि ती रजा टाकून संकीर्ण प्राणी कक्षात गेली. दारात माणूस पाहून गुरुपादप्पासाहेब उठून उभे राहिले. कक्षाच्या इतिहासातली ती पहिली अर्जदार होती.

"बसा, बसा. प्राणी कोणता?"

"मांजर."

साहेबांनी समाधानानं डोळे मिटले. "मांजर संकीर्णातच येतं," ते म्हणाले. त्यांनी लगेच टंचाईचा आदेश काढून वाचला. आजारी जनावराच्या मालकास रोज एक जादा घागर द्यावी असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. जनावर म्हणजे काय ते लिहिलं नव्हतं. साहेबांनी वर विचारणा केली की मांजर हे जनावर आहे काय. वरून उत्तर आलं की ते नसल्याचं कुठेही नमूद नाही.

"आता प्रश्न मालकीचा," पंचशीला पुन्हा गेली तेव्हा साहेब म्हणाले. "मांजराची पावती आहे?"

"मांजराची पावती कुठं असती साहेब?"

"बैलाची असते. बाजारात मिळते. पावती नाही म्हणजे मालकी नाही. मालकी नाही म्हणजे तुम्ही आज तिला जे पाणी पाजता, ते परक्या मांजराला पाजता."

"मग मी काय करू?"

साहेबांनी थोडा विचार केला. "दत्तक घ्या," ते म्हणाले.

दत्तकाचा छापील नमुना कचेऱ्यांत एकच होता आणि तो माणसाच्या लेकरांचा होता. त्यामुळे मैनेच्या जन्मदात्यांची संमती लागली. जन्मदाते सापडत नाहीत असं पंचशीलानं लिहून दिलं. मैनेच्या पंजाचा जांभळ्या शाईत ठसा घेण्यात आला आणि त्याखाली 'निरक्षर' असा शेरा मारण्यात आला. डॉक्टरी दाखला मात्र बैलांच्या नमुन्यावर द्यावा लागला. व्यंकटरावांनी प्रामाणिकपणे भरलं: शिंगं नाहीत, वशिंड नाही, औतास निरुपयोगी. 'दूध' या रकान्यात त्यांनी 'स्वतःच पिते' असं लिहिलं.

आदेश निघाला. शेषेरावानं शिक्क्याकडे पाहून मान तुकवली आणि जादा घागर भरली. त्या दिवशी लाईन हसली नाही. केवळाबाईनं तर घागर कुठून कुठपर्यंत भरली हे नीट पाहून घेतलं.

त्यानंतर शहरात भूतदया उत्पन्न झाली. मांजर आडवं गेलं की परत फिरणारी माणसं आता मांजर आडवं यावं म्हणून बोळाबोळांत उभी राहू लागली. गुरुपादप्पासाहेबांनी 'रुग्ण मार्जार दत्तक योजना' अशी पाटी रंगवून घेतली. कक्षाला एक टायपिस्ट मिळाला, मग एक जीप, मग जीप धुवायला पाणी. वकिलांच्या, प्राध्यापकांच्या घरी बैठकीत मांजर दिसू लागलं. लग्नाच्या पंगतीत बायका एकमेकींना विचारत, "तुमच्याकडं काय आहे?" लंगडं मांजर साधं समजलं जाई. दमा असलेल्या मांजराला मान होता. जन्मतः आंधळं असेल तर यजमानीणबाई दोनदा सांगत.

हाल झाले ते धडधाकट मांजरांचे. त्यांना कोणी दारात उभं करीना. ज्यांना घ्यावंच लागलं त्यांनी पायाला पट्टी गुंडाळून घेतलं. लवकरच आजारी मांजरांचा तुटवडा पडला आणि मुखेडच्या आठवडी बाजारातून गोणपाटात बांधलेली मांजरं एसटीनं लातूरला येऊ लागली. कंडक्टरांनी कक्षाकडे मार्गदर्शन मागितलं. साहेबांनी कळवलं की मांजर मांडीवर असल्यास तिकीट नाही; मात्र ते खिडकीजवळ बसल्यास प्रवासी समजावं.

केवळाबाईनंही एक करडा बोका मिळवला. तो तिनं चांगला टणटणीत पाहूनच घेतला होता. आजाराचं आपण बघू, असा तिचा हिशेब होता. पण दाखल्यासाठी दवाखान्यात नेला तेव्हा व्यंकटरावांच्या टेबलावरच तो ताठ झाला, पाय झाडू लागला, तोंडाला फेस आला. केवळाबाई भिंतीला टेकून खालीच बसली.

"फेफरं आहे याला," डॉक्टर म्हणाले. "आलं की धरायचं नाही. अंधार करायचा, गलका करायचा नाही. आणि रोज ही गोळी कुटून द्यायची."

"रोज?" केवळाबाई म्हणाली. "माझ्या सासूला न्हाई दिली मी रोज."

पण द्यायला लागली. खोटा आजारी म्हणून आणलेला बोका खरा आजारी निघाला, याचा तिला बरेच दिवस राग होता. तो राग ती गोळी गुळात कालवता कालवता बोक्यालाच बोलून दाखवी.

मग पाहणी समिती आली. ज्यांच्या मांजराच्या पट्टीखाली काही नव्हतं, त्यांची धांदल उडाली. पंचशीलाचं तीन पायांचं मांजर कोणीतरी 'जरा खेळवायला' म्हणून नेलं. समिती पुढच्या दारानं एका घरात शिरली की मांजर मागच्या भिंतीवरून पुढच्या घरात जाई. संध्याकाळी ते परत आलं तेव्हा सत्कारांनी दमलेल्या पुढाऱ्यासारखं ओसरीवर पडून राहिलं. समितीच्या अहवालात गुरुपादप्पासाहेबांनी गंभीरपणे लिहिलं: 'शहरातील बहुतांश मांजरे तीन पायांची व एकाच तोंडवळ्याची आढळली. हा दुष्काळाचा परिणाम असावा.'

अहवाल वर गेला. वरच्यांना तो आवडला. त्यांनी एवढंच विचारलं, की मार्चअखेर यांतली किती मांजरं बरी होतील.

साहेबांनी डॉक्टर व्यंकटरावांना बोलावून घेतलं.

"किती बरी झाली?"

"साहेब, आंधळं मांजर बरं होत नसतं. तीन पायांच्याला चौथा फुटत नसतो."

"टक्केवारीत सांगा."

"शून्य."

साहेबांचा चेहरा उतरला. "शून्य म्हणजे योजना अपयशी. अपयशी योजना बंद होते. बंद झाली की मांजरांचं पाणी तुटलं. डॉक्टर, मांजरांच्या हितासाठी ती बरी झाली पाहिजेत."

"पण बरी झाल्यावर तर पाणी तुटतंच की."

"तुटतं," साहेब म्हणाले. "पण ते यशस्वीपणे तुटतं."

व्यंकटरावांनी दाखल्यावर सही करायला नकार दिला. म्हणून सहीचा रकानाच काढून टाकण्यात आला. मार्च संपण्याच्या आत सर्व लाभार्थी मांजरं शंभर टक्के बरी झाली. तसा प्रत्येक घराला आदेश गेला.

पंचशीलानं आपला आदेश ओसरीवर उभ्यानं वाचला. 'प्रस्तुत मांजर मैना ही पूर्ण बरी झाली असून तिला यापुढे पाण्याची आवश्यकता नाही.' मैना तिच्या पायाशी रिकाम्या वाटीत तोंड घालून बसली होती.

"काय म्हनतेत?" पारूबाईनं विचारलं.

"बरी झाली म्हनं."

पारूबाईनं मैनेकडे पाहिलं. "त्यायचं काय जातंय लिहायला," ती म्हणाली. "कागदाला कुठं गुर्दे असतेत."

पुढच्या सकाळी पंचशीलाच्या अंगणात मांजरंच मांजरं होती. काही पोत्यातून सोडली होती, काही भिंतीवरून. एकाच्या पायाला अजून पट्टी होती. जी माणसं समोरून आली त्यांनी कारणं सांगितली. एका घरी मुलाची परीक्षा होती. एका घरी पाहुणे येणार होते. एक प्राध्यापक तर गहिवरून म्हणाले, "आता तिला आमची गरज उरली नाही. बरी झाली ना ती." आणि त्यांनी पिशवी झटकून, घडी घालून परत नेली.

पंचशीला कामावर जाई, फोन जोडून देई. दिवसभर 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे वाक्य तिच्या कानात वाजत राही. घरी येऊन ती आपल्या वाट्याच्या पाण्यातून मैनेला पाजी. तेवढं पुरत नव्हतं. मैनेनं खाणं सोडलं. जीभ कोरडी पडली. ती मोरीच्या ओल्या कोपऱ्यात जाऊन बसे, आणि तो कोपराही वाळला तरी तिथून उठेना. एकदा पंचशीलानं पाहिलं, की आई आपला पाण्याचा गलास अर्धाच पिते आणि उरलेला कोणी बघत नाही असं समजून मोरीकडे नेते. पंचशीला स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे लावत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तेही वाया जातंय याचा तिला राग आला.

अशा वेळी केवळाबाई दारात उभी राहिली. काखेत करडा बोका, कडेवर घागर.

"ठेवा मावशी," पंचशीला तिच्याकडे न बघता म्हणाली. "तिथं कोपऱ्यात जागा हाय. तिथंच सोडा."

"सोडाया आले न्हाई मी." केवळाबाईचा आवाज चढला. "आज सकाळी याला दोनदा फेफरं आलं. सरकार म्हनतंय बरा झाला. बरा झाला तर माझं काळीज कामून धडधडून राहिलं?"

एवढं बोलून ती मोरीकडे गेली आणि आपल्या घागरीतलं पाणी तिनं मैनेच्या वाटीत ओतलं. मैना बराच वेळ नुसती बघत राहिली. मग तिनं मान पुढं केली. तिघी बायका तो चपचप आवाज ऐकत उभ्या राहिल्या.

"माझ्या पान्यात बोका आन् तुझी मांजर दोघं किती दिस निभतील?" केवळाबाई म्हणाली. "चल, त्या साहेबाला दावू, हे कसे बरे झाले ते."

दोघी मांजरं घेऊन कक्षात गेल्या. गुरुपादप्पासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, बरं झालेलं मांजर पुन्हा आजारी पडायची तरतूद नाही," ते म्हणाले.

"मग मी मैनेला केवळामावशींना देते आन् त्यांचा बोका मी घेते. नवीन दत्तक म्हनून लिहा."

"कल्पना चांगली आहे. पण योजना यशस्वी झाल्यामुळे संपली."

"आन् हा मेला तर?" केवळाबाईनं बोका टेबलावर ठेवला.

"तर तो बरा होऊन मेला असं धरावं ला—"

साहेबांचं वाक्य पुरं झालं नाही. बोका ताठ झाला आणि टेबलावर आडवा पडून पाय झाडू लागला. टाचण्यांचा डबा खाली गेला, शिक्के गडगडले. टायपिस्ट धरायला धावला.

"हात लावू नका!" केवळाबाई ओरडली, आणि लगेच आवाज खाली आणून म्हणाली, "गलका न्हाई करायचा. अंधार पायजे त्याला." तिनं डोक्यावरचा पदर सोडला आणि तो बोक्यावर धरून वाकून उभी राहिली. पंचशीलानं खिडकी लावली. गुरुपादप्पासाहेब आपल्याच खोलीत अंग चोरून भिंतीला टेकले होते. आजवर त्यांनी इतकी मांजरं बरी केली होती, पण आजारी असलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

बोक्याची धडपड थांबली. पदराखालून त्याचं डोकं बाहेर आलं, त्यानं इकडेतिकडे बावचळून बघितलं, आणि साहेबांच्या पाण्याच्या गलासात तोंड घालून तो पिऊ लागला. साहेबांनी पुढं येऊन गलास किंचित तिरपा केला, म्हणजे तळाचं पाणी त्याला पोचेल.

मग त्यांनी आपली बंद केलेली फाईल बाजूला सारली.

"माझे हात बांधलेले आहेत ताई," ते म्हणाले. "पण कार्यालयात अभ्यागतांसाठी पिण्याचं पाणी ठेवावं असा नियम आहे. तो माठ तिथं आहे. आणि अभ्यागत म्हणजे कोण, ते कुठेही नमूद नाही. फक्त पाणी घरी नेता येणार नाही. अभ्यागतानं स्वतः यायला पाहिजे."

त्या दिवसापासून सगळा उन्हाळा पंचशीला सकाळी कामावर जाताना आणि सुटल्यावर मैनेला घेऊन कक्षात जाऊ लागली. केवळाबाई बोका घेऊन येई. अभ्यागतांच्या बाकावर दोन्ही मांजरं बसत, टायपिस्ट बशी भरून देई, आणि साहेब समोरच्या कागदावरून वर न बघता विचारत, "काय काम होतं?" केवळाबाई म्हणे, "काय न्हाई साहेब. सहज." हळूहळू आंधळं, तीन पायांचं आणि अंगणात सोडलेलीही सहज येऊ लागली. डॉक्टर व्यंकटराव कधीमधी डोकावून मैनेचं पोट चाचपून जात. ती बरी झाली नाही. पण ती राहिली.

पुढच्या साली टँकरची गरज उरली नाही. नळाला पाणी आलं. शंभर टक्के यशाबद्दल गुरुपादप्पासाहेबांना बढती मिळून ते दुसऱ्या जिल्ह्यात गेले. तिथं काय बरं करायचं होतं ते कळलं नाही. शेषेरावानं टँकरचं काम सोडून नळपट्टीचं घेतलं. करडा बोका केवळाबाईच्या उशाशी झोपू लागला. तिची चप्पल आता पायातच राहते. मैना आणखी काही वर्षं जगली आणि एका दुपारी पारूबाईच्या मांडीवर गेली. त्यानंतरही बरेच दिवस पारूबाई आपला गलास अर्धाच पिऊन उरलेला मोरीकडे नेई.

शहरात दुष्काळाचा विषय निघाला की आजही बैठकीत कोणीतरी हटकून म्हणतं, "आम्हीसुद्धा त्या वेळी एक आजारी मांजर सांभाळलं होतं हो." ऐकणाऱ्यांचे डोळे ओले होतात.

पंचशीलाच्या अंगणात सोडलेली मांजरं होती, त्यांची पिल्लं झाली. त्यांतलं एखादं आंधळं निघतं, एखाद्याचा पाय अधू असतो. ज्यांना न्यायचं त्यांनी न्यावं, असं ती सगळ्यांना सांगते. पावती लागत नाही, ठसा लागत नाही. मध्यंतरी ही हकिकत ऐकून एक सज्जन खास आले. त्यांनी एक आंधळं पिल्लू उचललं, छातीशी धरलं, फार हळहळले. मग जरा संकोचून त्यांनी विचारलं, "आणि याच्याबरोबर... म्हणजे, सोबत काय मिळतं?"

"सोबत मिळती," पंचशीला म्हणाली.

सज्जनांनी थोडा विचार केला. पिल्लू हळूच खाली ठेवलं आणि घरी विचारून सांगतो म्हणाले. ते अजून आलेले नाहीत. तुम्हीही वाचताना हळहळला असाल, तर पिल्लू अजून तिथंच आहे. पण तुम्हालाही आधी घरी विचारावं लागेल, नाही का?